धानाचे चुकारे आणि फोनवरील फसवणूक

भंडारा जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. वैनगंगेच्या खोऱ्यातील आणि जुन्या मालगुजारी तलावांच्या ओलिताखालील बांध्यांमधून निघणारे धान हेच येथील बहुसंख्य शेतकरी कुटुंबांचे प्रमुख उत्पन्न आहे. पावसाळ्यात रोवणी होते, दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, मळणी आटोपून धान आधारभूत खरेदी केंद्रावर जाते आणि त्यानंतर शेतकरी चुकाऱ्याची वाट पाहू लागतो. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण प्रतीच्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविली होती. या दराने चाळीस क्विंटल धान विकणाऱ्याचा चुकारा ९४,७६० रुपये होतो. सोसायटीचे पीककर्ज, खताच्या दुकानाची उधारी, मुलांचे शिक्षण, घरातील लग्नकार्य आणि पुढील हंगामाचे बियाणे, या सर्वांची तोंडमिळवणी याच एका रकमेतून करावयाची असते.

हा चुकारा आता थेट बँकेच्या खात्यात जमा होतो. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे हप्ते, पीक विम्याची भरपाई, अनुदाने हीही खात्यातच येतात. या पद्धतीने मधला हात नाहीसा झाला, हा शेतकऱ्यांचा मोठाच लाभ होय. परंतु पैसा ज्या वाटेने येतो, त्याच वाटेवर चोर उभा राहतो, हा अनुभव जुना आहे. खात्यातील पैशाची किल्ली आज खातेदाराच्या मोबाईलमध्ये असते. म्हणून चोरही आता फोनवरून येतो. ही फसवणूक कशी केली जाते, ती कशी ओळखावी, आणि ती घडल्यास पहिल्या तासात काय करावे, याची माहिती प्रत्येक शेतकऱ्यास व गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास असणे आवश्यक आहे.

जुनी ठकबाजी, नवे साधन

फोन नवा असला तरी युक्ती नवी नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात व अमेरिकेत अनेक लोकांना टपालाने पत्रे येत असत. स्पेनमधील तुरुंगात एक धनाढ्य गृहस्थ अडकला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडी रक्कम पाठवावी, सुटताच तो मोठा वाटा देईल, असा त्यांतील मजकूर असे. रक्कम पाठविली की नवी अडचण निघे व पुन्हा पैसे मागितले जात. कैदी मुळातच नसे. 'तुमचा हप्ता मंजूर आहे, फक्त शुल्क भरणे बाकी आहे' असा जो फोन आज येतो, तो त्याच पत्राचा वंशज होय.

आपल्याकडील इतिहासही बोधप्रद आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे व पुढे पुणे-नगर भागातील अनेक गावांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून घेऊन जाळण्यात आले. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याच्या नावावर कागदात काय लिहिले जाते, हे त्यास कळत नसे. त्याची निशाणी मात्र त्याच्याविरुद्ध पुरावा ठरे. या उठावानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि शेतकऱ्याचे दस्तऐवज गाव-निबंधकासमोर लिहिले जावेत, अशी तरतूद त्यात करण्यात आली. भंडारा त्या काळी मध्य प्रांतात होता, त्यामुळे तो कायदा येथे लागू नव्हता. परंतु त्यातून मिळणारा धडा सर्वत्र लागू आहे. कागद वाचल्याविना त्यावर अंगठा देऊ नये, हे शहाणपण महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी फार मोठी किंमत देऊन मिळविले.

आज मोबाईलवर येणारा सहा आकड्यांचा ओटीपी आणि पैसे पाठविताना टाकावा लागणारा यूपीआय पिन हे दोन्ही खातेदाराचे अंगठे आहेत. ओटीपी सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उमटवून तो कागद अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली, तर पुढील बहुतेक सर्व प्रकार आपोआप उकलतात.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

१. अडकलेल्या पैशाचा फोन : धान विकून पंधरवडा झाला आहे, चुकारा आलेला नाही, अशा वेळी शेतकऱ्यास फोन येतो असे समजावे. बोलणारा स्वतःस बँकेचा किंवा खरेदी कार्यालयाचा कर्मचारी म्हणवितो. शेतकऱ्याचे नाव, गाव, कदाचित बँकेचे नावही तो सांगतो. 'आपले खाते आधारशी जुळत नाही, म्हणून चुकारा परत जात आहे. आता एक संदेश येईल, त्यातील आकडे सांगा, सायंकाळपर्यंत पैसे जमा होतील,' असे तो म्हणतो. शेतकरी आकडे सांगतो. चुकारा तर येत नाहीच, पण खात्यात असलेली शिल्लकही निघून जाते. येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, समोरच्यास आपले नाव-गाव ठाऊक असणे हा तो खरा असल्याचा पुरावा नव्हे. नावे, पत्ते व फोन क्रमांक यांच्या याद्या अनेक मार्गांनी ठकांच्या हाती लागतात.

२. मोबाईलवर आलेली फाईल : हा प्रकार अधिक घातक आहे. पंतप्रधान किसान योजनेखाली पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. या योजनेचे नाव व चित्र लावलेली एक फाईल व्हॉट्सॲपवर फिरविली जाते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही इंग्रजी अक्षरे असतात. ती उघडताच ॲप बसते व संदेश वाचण्याची परवानगी मागते. परवानगी दिली गेली की फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी ठकास परस्पर दिसतो. म्हणजे ओटीपी कोणालाही न सांगता पैसे जातात. अशी काही ॲप त्या फोनमधील इतर क्रमांकांवर तीच फाईल आपोआप पाठवितात. त्यामुळे ती गावातील ओळखीच्या माणसाच्या नावाने किंवा गावाच्या गटावरही येऊ शकते. पाठविणारा ओळखीचा आहे, एवढ्यावरून फाईल निर्धोक ठरत नाही.

३. सौर पंपाचे खोटे संकेतस्थळ : २०१९ साली मंजूर झालेल्या पंतप्रधान कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे काढून नोंदणी शुल्क उकळण्यात आले. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयास याबाबत वेळोवेळी जाहीर इशारे द्यावे लागले. अशा फसवणुकीत मंजुरीचे पत्र, शिक्का, सही हे सर्व खऱ्यासारखे असते. पैसे मात्र एखाद्या खाजगी व्यक्तीच्या खात्यावर किंवा क्रमांकावर भरावयास सांगितले जाते. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याने किमतीचा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. पैसे भरावे लागतात हे खरे असल्यामुळेच खोटी मागणी पटते. यास्तव पैसे भरण्यापूर्वी महावितरणच्या जवळच्या कार्यालयात अर्ज क्रमांक दाखवून खात्री करून घेणे इष्ट होय.

४. पैसे 'मिळविण्यासाठी' पिन : बैलजोडी, जुना ट्रॅक्टर किंवा तणस विकावयाचे असल्याची जाहिरात पाहून गिऱ्हाईक फोन करते. आगाऊ रक्कम पाठवितो असे सांगून तो एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र, म्हणजे क्यूआर कोड, पाठवितो आणि तो उघडून पिन टाकावयास सांगतो. पिन टाकताच विक्रेत्याच्याच खात्यातून पैसे जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. एका व्यक्तीने दुसरीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठविण्याची सोय या गैरप्रकारांमुळेच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. कोडची युक्ती मात्र अद्याप चालू आहे.

५. खऱ्या अंगठ्याचा दुरुपयोग : आधार क्रमांक व बोटाचा ठसा यांच्या आधारे गावातच पैसे काढण्याची सोय वृद्धांना व बँकेपासून दूर राहणाऱ्यांना उपयुक्त आहे. परंतु 'ठसा उमटला नाही, पुन्हा ठेवा' असे सांगून दोनदा व्यवहार करणे, किंवा काढलेल्यापेक्षा कमी रक्कम हातात देणे, असे प्रकार होऊ शकतात. प्रत्येक वेळी छापील पावती मागावी व ती घरातील शिकलेल्या मुलामुलीकडून वाचून घ्यावी. ज्यांना या सोयीची नित्य गरज नाही, त्यांनी आधारचा बोटांचा ठसा कुलूपबंद करून ठेवावा. ही व्यवस्था आधार प्राधिकरणाच्या ॲपवर व संकेतस्थळावर विनामूल्य आहे. चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

६. खाते भाड्याने देणे : या प्रकारात शेतकऱ्याचे पैसे जात नाहीत, त्याची अब्रू जाते. 'तुमचे पासबुक, एटीएम कार्ड व सिमकार्ड द्या, महिन्याला दोन-चार हजार रुपये मिळतील,' असे सांगणारे लोक गरजू तरुणांना गाठतात. इतर लोकांना फसवून मिळविलेला पैसा या खात्यांतून फिरविला जातो. तपासात पहिले नाव निघते ते खातेदाराचे. त्याचे खाते गोठविले जाते आणि गुन्ह्यात त्याचेही नाव येते. गोठविलेल्या खात्यातच पुढील चुकारा अडकून पडतो, हे वेगळेच. आपले खाते व सिमकार्ड कोणासही वापरावयास देऊ नये.

७. अटकेची धमकी : पोलीस किंवा अन्य अधिकारी असल्याचे भासवून दृश्य-फोनवर गणवेशात बोलणारे ठक 'तुमच्या नावाने गुन्हा दाखल आहे, फोन बंद करू नका, कोणाशी बोलू नका' असे दरडावतात. यास 'डिजिटल अटक' असे नाव पडले आहे. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील 'मन की बात' कार्यक्रमात या फसवणुकीविषयी देशास सावध केले होते. भारतीय कायद्यात फोनवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद नाही, आणि कोणतीही तपास यंत्रणा फोनवरून पैसे मागत नाही.

चार खुणा

धानावरील रोग जसा पानावरच्या ठिपक्यांवरून ओळखता येतो, तशी फसवणूकही तिच्या खुणांवरून ओळखता येते. ठकाची कथा दर महिन्याला बदलते. खुणा सहसा बदलत नाहीत.

पहिली खूण लोभाची किंवा भीतीची. काहीतरी मिळणार आहे किंवा काहीतरी जाणार आहे, असे सांगून मन अस्थिर केले जाते. दुसरी खूण घाईची. 'आज रात्री बारापर्यंतच', 'दहा मिनिटांत खाते बंद होईल' असे सांगितले जाते, कारण विचारास वेळ मिळाला की डाव फसतो. तिसरी खूण गुप्ततेची. 'फोन चालू ठेवा, कोणास विचारू नका' असे सांगणारा मनुष्य आपला हितकर्ता असू शकत नाही. चौथी व निर्णायक खूण म्हणजे मागणी. ओटीपी, पिन, कार्डाचे आकडे, आधीचे शुल्क, फाईल उघडणे किंवा आपला पडदा दुसऱ्यास दाखविणारे ॲप बसविणे, यांपैकी एक जरी मागणी आली तरी बोलणे तेथेच थांबवावे.

पुष्कळांना फोन मध्येच तोडणे असभ्य वाटते. समोरचा 'साहेब' आहे, त्याचा अपमान होईल, ही भावना ग्रामीण मनात खोल असते व ठक तिचाच फायदा घेतो. खऱ्या अधिकाऱ्याच्या फोनवर 'मी उद्या कार्यालयात येऊन भेटतो' असे म्हटल्याने काहीही बिघडत नाही. खोट्याचे मात्र सर्वच बिघडते. यास्तव फोन ठेवणे ही असभ्यता नसून व्यवहारातील दक्षता आहे.

खात्री करून घेताना क्रमांक कोठून घेतला, यासही महत्त्व आहे. इंटरनेटवर शोधल्यास बँकांचे खोटे मदत क्रमांक सापडतात. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा शाखेतून घ्यावा आणि पासबुकाच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवावा. शासकीय संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी सामान्यतः 'जीओव्ही डॉट इन' अशी अक्षरे असतात. बँकांना रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' असा शेवट असलेले पत्ते घेण्यास सांगितले व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. योजनेच्या नावापुढे भलतीच अक्षरे दिसल्यास ते पान बंद करावे.

ओटीपी केव्हा द्यावा?

'ओटीपी कोणास देऊ नये' एवढेच सांगून भागत नाही. कारण खऱ्या कामातही ओटीपी लागतो. किसान सन्मान निधीची ई-केवायसी असो किंवा शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी असो, मोबाईलवर आकडे येतातच. म्हणून यातील फरक नीट समजून घ्यावा.

जे काम शेतकऱ्याने स्वतः सुरू केले आहे, ज्या ठिकाणी तो स्वतः हजर आहे, आणि ज्या पानावर ते आकडे भरले जात आहेत ते पान त्याच्या डोळ्यांसमोर आहे, अशाच वेळी ओटीपी वापरावा. शक्य असल्यास आकडे स्वतः टाकावेत. आकडे भरण्यापूर्वी तो संदेश पूर्ण वाचावा. ओटीपी कोणत्या कामासाठी आहे, हे संदेशात बहुधा लिहिलेले असते. 'नोंदणी' सांगितली आणि संदेशात 'रक्कम वजा' करण्याचा उल्लेख असेल, तर काय चालले आहे ते लगेच उघड होते. कागद वाचल्याविना अंगठा नाही, हा जुना नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

याबाबतीत गावात काम करणाऱ्यांची जबाबदारी विशेष आहे. सेवा केंद्राचा चालक, खरेदी केंद्रावरील संगणक सांभाळणारा किंवा क्षेत्रीय कर्मचारी, हे कामाच्या गर्दीत शेतकऱ्यास फोन करून 'तुमच्या मोबाईलवर आकडे आले असतील, तेवढे सांगा' असे म्हणतात. त्यांचा हेतू प्रामाणिक असतो आणि शेतकऱ्याची एक फेरीही वाचते. परंतु यातून शेतकऱ्यास फोनवर ओटीपी सांगण्याची सवय लागते, आणि तीच सवय पुढे ठकाच्या उपयोगी पडते. प्रामाणिक माणसाने तयार केलेल्या बांधीत ठक रोवणी करतो, असा हा प्रकार आहे. एकीकडे सभेत 'ओटीपी सांगू नका' म्हणावयाचे व दुसऱ्या दिवशी आपणच फोनवर तो मागावयाचा, यामुळे उपदेशाचा परिणाम शून्य होतो. यास्तव कोणत्याही कार्यकर्त्याने फोनवर ओटीपी मागू नये. शेतकऱ्यास समोर बसवूनच काम करावे. एका फेरीचे कष्ट वाचविण्याच्या मोबदल्यात वर्षाची कमाई धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

फसवणूक झाल्यास पहिला तास

इतकी दक्षता घेऊनही एखादा शेतकरी फसू शकतो. शिकलेले, नोकरी करणारे, शहरातील लोकही फसतात. अशा वेळी पैशापेक्षा वेळेला अधिक किंमत असते. याचे कारण समजून घ्यावे.

पैसे एका खात्यातून गेले की ते दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरविले जातात आणि शेवटी रोख काढले जातात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा १९३० हा मदत क्रमांक आहे. २०२१ साली सुरू झालेल्या या सेवेचा क्रमांक आरंभी वेगळा होता; आता १९३० हाच लक्षात ठेवावा. तेथे तक्रार नोंदविली की पैसे ज्या बँकेत गेले तिला ताबडतोब सूचना जाते. पैसे तेथे असतील तर ते रोखून धरले जातात. पुढे गेले असतील तर सूचना पुढील बँकेकडे जाते. म्हणजे ही एक शर्यत आहे. बांध फुटल्यावर पहिल्या घटकेला टाकलेली माती पाणी अडविते; बांधी कोरडी झाल्यावर टाकलेली माती निरुपयोगी ठरते. रोखलेली रक्कम विहित प्रक्रिया पूर्ण झाल्यावर परत मिळू शकते. रोख काढून नेलेली रक्कम मिळणे फार कठीण असते.

करावयाची कामे क्रमाने अशी आहेत :

(१) १९३० वर लगेच फोन करावा. आपला फोन बिघडविला गेला असल्याची शंका असल्यास शेजाऱ्याच्या फोनवरून करावा. गेलेली रक्कम, वेळ, आपल्या बँकेचे नाव व संदेशातील व्यवहार क्रमांक हाताशी ठेवावा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा.

(२) बँकेस कळवून खात्याचे व्यवहार, कार्ड व यूपीआय बंद करावयास सांगावे. शाखा उघडी असल्यास लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

(३) फाईल उघडल्यामुळे पैसे गेले असतील तर त्या फोनचे इंटरनेट बंद करावे व सिमकार्ड काढून घ्यावे. जाणकाराकडून फोन स्वच्छ करून घेतल्याखेरीज त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत. तीच फाईल आपल्या क्रमांकावरून इतरांना गेली असल्यास गावास सावध करावे.

(४) आलेले संदेश, फोन क्रमांक, पावत्या पुसून टाकू नयेत. तो पुरावा होय. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी व जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.

(५) 'गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडे शुल्क भरा' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तो बहुधा दुसरा ठक असतो, किंवा पहिलाच असतो.

बँकेस तत्काळ कळविण्यास आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँकांस असे तत्त्व घालून दिले की, बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा पडू नये. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. परंतु कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक स्वतःची असली तरी कळविण्याचा क्षण महत्त्वाचा ठरतो.

लाजेमुळे होणारे नुकसान

फसवणुकीचे सर्वांत मोठे नुकसान गप्प बसण्याने होते. 'लोक हसतील', 'मुलगा रागावेल', 'घरी काय सांगावे' या विचारात मनुष्य रात्रभर झोपत नाही, पण कोणास सांगतही नाही. तेवढ्या वेळात पैसे हातचे जातात. काही वेळा तो गेलेली रक्कम भरून काढण्याच्या आशेने ठकासच आणखी पैसे पाठवितो. शेजारी अनभिज्ञ राहतो व आठवड्याने त्यालाही तोच फोन येतो.

एखाद्याच्या बांधीत तुडतुडे दिसले तर तो ते लपवीत नाही. लपविल्याने कीड साऱ्या शिवारात पसरते, हे त्यास ठाऊक असते. फसवणुकीचेही तसेच आहे. जो उघडपणे सांगतो, तो स्वतःचे पैसे वाचविण्याचा प्रयत्न करतोच, शिवाय गावाचेही रक्षण करतो. म्हणून फसलेल्या मनुष्यास 'एवढेही कळले नाही का?' असा प्रश्न घरच्यांनी किंवा गावकऱ्यांनी विचारू नये. पहिला प्रश्न एकच असावा : '१९३० वर फोन केला का?' गुन्हा ठकाने केलेला आहे, हे सर्वांनी स्मरणात ठेवावे.

गावपातळीवर करावयाचे कार्य

ग्रामसेवक, तलाठी व कृषी सहायक यांच्या पदांची नावे अलीकडे बदलली असली तरी गाव त्यांना याच नावांनी ओळखते आणि त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवते. या विश्वासाचा उपयोग त्यांनी पुढीलप्रमाणे करावा.

एक रुपयाचे प्रात्यक्षिक : भाषणापेक्षा प्रात्यक्षिक अधिक ठसते. बचत गटाच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत दोन मोबाईल घ्यावेत व एकावरून दुसऱ्यावर एक रुपया पाठवून दाखवावा. पाठविणाऱ्यास पिन टाकावा लागला, घेणाऱ्यास काहीच करावे लागले नाही, हे सर्वांना प्रत्यक्ष पाहू द्यावे. नंतर उपस्थितांकडून स्वतः करवून घ्यावे. पैसे घेताना पिन लागत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य सहसा विसरत नाही.

खोट्या फोनची तालीम : एका कार्यकर्त्याने ठकाची व दुसऱ्याने शेतकऱ्याची भूमिका घ्यावी. बोलण्यातील लोभ, घाई, गुप्तता व मागणी या चार खुणा येताच श्रोत्यांनी त्या ओळखून सांगाव्यात. शेवटी शेतकऱ्याने फोन ठेवून द्यावा. फोन ठेवण्याचीही तालीम लागते.

हंगामाचे भान : धान खरेदीनंतरचे आठवडे, हप्ता जाहीर होण्याचे दिवस, विम्याच्या भरपाईचा काळ व नव्या योजनेच्या नोंदणीची वेळ, हे धोक्याचे काळ होत. त्यापूर्वीच सूचना फलकावर इशारा लावावा. चुकारे का थांबले आहेत, याची खरी माहिती शेतकऱ्यास वेळेवर मिळत राहिली, तर खोट्या माहितीस जागा उरत नाही. चुकाऱ्याची स्थिती खरेदी केंद्राच्या फलकावर लिहिणे हाही फसवणुकीवरील एक चांगला उपाय आहे.

स्त्रिया व वृद्ध : घरातील मोबाईल अनेकदा तरुणाच्या हाती व पासबुक वृद्धाच्या नावावर असते. प्रशिक्षण एकट्या कुटुंबप्रमुखास देऊन उपयोग नाही. 'पैशाचा फोन आला तर घरातील दुसऱ्या माणसास विचारल्याखेरीज उत्तर द्यावयाचे नाही' असा नियम प्रत्येक घराने करावा.

संशयास्पद फोन आला परंतु पैसे गेले नाहीत, अशी स्थिती असल्यास दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षु' या सोयीत तो क्रमांक कळवावा. ही सोय मार्च २०२४ पासून उपलब्ध आहे.

सारांश

ओटीपी व पिन हे आजचे अंगठे आहेत. वाचल्याविना व समोरासमोर असल्याविना ते कोणास देऊ नयेत. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली 'एपीके' फाईल, ती कोणीही पाठविलेली असो, उघडू नये. शंका आल्यास फोन ठेवावा व कार्यालयात किंवा शाखेत जाऊन विचारावे. आपले खाते व सिमकार्ड कोणास भाड्याने देऊ नये. पैसे गेल्यास लाज न धरता त्याच क्षणी १९३० वर कळवावे.

बियाणे पेरण्यापासून धान केंद्रावर पोहोचविण्यापर्यंत शेतकरी पिकास पाच-सहा महिने जपतो. रानडुकरांपासून राखण करण्यासाठी तो रात्री जागून काढतो. त्या पिकाचा पैसा खात्यात जमा झाल्यावरही राखण संपत नाही, हे ध्यानात घेऊन प्रत्येक कार्यकर्त्याने येत्या खरेदी हंगामापूर्वी आपल्या गावात एक रुपयाचे प्रात्यक्षिक अवश्य घडवून आणावे.